डोहातली नाव आणि चुन्याचं चाक

चुन्याच्या घाण्याचं ते दगडी चाक नदीत टाकायला मीच लावलं. ही गोष्ट वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्याबद्दल मला कुणी कधी एका शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर इतक्या वर्षांनी मी हे लिहायला बसलो नसतो.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. मी मूळचा शिरूरचा, मिशनच्या आवारात वाढलेला. मांडवगण फराट्याच्या पुढं भीमेच्या काठी एक वाडी आहे, तिथल्या मिशनच्या शाळेवर मला नेमलं होतं. शाळा म्हणजे एकच लांब खोली. आठवडाभर तिथं पोरं पाढे म्हणत आणि रविवारी त्याच खोलीत आमची मोजकी ख्रिस्ती घरं उपासनेला जमत. खोलीच्या मागच्या दारात उभं राहिलं की नदी दिसे, आणि नदीपलीकडं दौंड तालुका. जवळपास पूल नव्हता. बाजाराला, सोयऱ्यांकडं, दौंडला रेल्वे गाठायला, सगळी माणसं नावेनंच पलीकडं जात.

मी रुजू झालो त्याच्या आधीच्या एका पावसाळ्यात ती नाव बुडाली होती. मोठी सागवानी नाव. तिच्यावर बैलगाडी चढवता येई, असं सांगत. पुरात पलीकडून येताना मध्येच ती आडवी झाली. काठावरच्या लोकांनी दोर टाकून, भोपळ्यांच्या सांगडी घेऊन उतारूंना ओढून काढलं. एकही उतारू गेला नाही. नावाडी मागच्या टोकाला वल्हं धरून उभा होता. तो आणि नाव मात्र डोहात गेले. पुढं उन्हाळ्यात पाणी उतरून नितळ झालं तेव्हा नाव दिसली. उलटली नव्हती, फुटली नव्हती. दोन पुरुष खोल पाण्याखाली तळाशी सरळ बसली होती. नावाडी सापडला नाही.

त्याच्या बायकोला सगळे घाटावरची आक्का म्हणत. मीही तेच म्हणू लागलो. नावेच्या घाटाला लागूनच तिचं घर होतं. प्रेत मिळालं नाही म्हणून भावकीनं दर्भाचा पुतळा करून दहन उरकायचं ठरवलं, तेव्हा ती अंगणात बसून राहिली आणि म्हणाली, “नाव धड हाय तवर मालक नावंवर हाईत. नाव टाकून जाणारं माणूस न्हाई ते. नाव फुटली तर माझं कुकू मी सोता पुशीन. तवर मला कुणी काय बोलू नगा.”

भावकी परत गेली. पुढं लोकांना त्याची सवय झाली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे, पण तिच्या कपाळावरच्या कुंकवाबद्दल कुणी विचारतही नसे. घरात आरसा असून ती रोज सकाळी घाटावर यायची आणि पाण्याशी वाकून कुंकू लावायची.

आम्हा ख्रिस्ती लोकांना हे वेडगळ वाटे. मी तसं बायकोजवळ बोललोही. मग त्या पहिल्या उन्हाळ्यात मी ती नाव पाहिली.

आक्काचा धाकटा दीर, त्याला सगळे आप्पा म्हणत, आता छोट्या होडीतून उतारू नेई. त्यानं मला भर दुपारी डोहावर नेलं. आधी काहीच दिसलं नाही. नुसता हिरवा अंधार. मग खालून एक काळी रेघ वर आली, रेघेची कड झाली, आणि अख्खी नाव डोळ्यांपुढं आली. बसायच्या फळ्या, पुढचं उंच टोक, पोटात साचलेली वाळू. एक मरळ मासोळी तिच्या आतून सावकाश फिरून बाहेर पडली. मी होडीच्या कडेवर छाती टेकून बघतच राहिलो.

“चष्मा सांभाळा मास्तर,” आप्पा म्हणाला. “खाली पडला तर दादाच्या काय उपेगाचा न्हाई. त्याला वाचाया येत न्हवतं.”

त्यानंतर दर उन्हाळ्यात मी जात राहिलो. सुट्टी लागली की शिरूरला घरी जायच्या आधी एकदा तरी. तिथं मला काय मिळत होतं, हे नीट सांगता येत नाही. उपासनेत डोळे मिटल्यावर जी शांतता यायला हवी आणि मला कधी आली नाही, ती त्या होडीत डोळे उघडे ठेवून येई. हे मी मिशनच्या पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, कधी सांगितलं नाही.

मी एकटा नव्हतो. चैत्रात पलीकडच्या काठाला यात्रा भरे, तेव्हा अर्धी यात्रा डोहावर येई. दौंडच्या रेल्वेतली तरुण मंडळी सायकलींवरून येत, सोबत मोटारीच्या जुन्या ट्यूबा आणत. बुडी मारून नावेच्या पोटातली मूठभर वाळू वर आणायची, ही त्यांची पैज. होड्या कमी पडत, मग गुऱ्हाळाच्या काहिली पाण्यात उतरत. काहील म्हणजे गूळ शिजवायची लोखंडी कढई, चार माणसं बसतील एवढी. गुळाचा हंगाम संपला की आमच्याकडं तिचीच होडी होते. पण ती गोल, पाण्यात एका जागी राहत नाही, गरगर फिरते. खालचं बघायचं तर तिला थोपवायला हवं. त्यासाठी लोक विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ दोराला बांधून खाली सोडत. गळाचे आकडे नावेच्या कडेत रुतले की काहील थांबे. निघताना गळ हिसडून काढावा लागे, आणि कधी कधी त्याच्याबरोबर लाकडाचा कपचा वर येई.

आक्का घाटावरून ओरडे, “आरं, गळ नगा टाकू. त्यास्नी लागतंय.”

एकदा दौंडच्या एका पोरानं काहिलीतूनच विचारलं, “मावशी, खाली मालक तिकीट तर मागत न्हाईत ना?”

“मागतील,” आक्का म्हणाली. “उतरून बघ. सुट्टे घिऊन जा.”

काहिलीतले सगळे हसले. शेजारच्या होडीत मी होतो, मीही हसलो.

असे काही उन्हाळे गेले. नावेची एक कड उचकटली. तिच्या मागच्या टोकाची फळी एका बाजूनं सुटून पाण्यात हलताना दिसू लागली. त्या वर्षी यात्रा संपल्यावर आक्का शाळेत आली. आत आली नाही, मागच्या दारातच उभी राहिली.

“मास्तर, तुमचं समदी ऐकत्यात. पंचायतीला सांगा, डोह बंद करा. तिकडं होड्या जाऊ दिऊ नगा. नाव अजून धड हाय, पर अशानं किती दिस ऱ्हाईल?”

“बघतो, आक्का.”

“बघू नगा. लई बघून झालं. सांगा.”

मी सरपंचाकडं गेलो. तो मोठा बागायतदार, ऊस आणि गुऱ्हाळ त्याचंच. ओट्यावर चार माणसं बसली होती. माझं बोलणं त्यानं पुरं होऊ दिलं आणि म्हणाला, “मास्तर, तुमच्या शाळंत पोरं येत न्हाईत आन् डोहात येत्यात. फळा तिकडंच टांगा की.” ओट्यावरची माणसं हसली. मग तो आवाज उतरवून बोलला, “बाईचं दुख मला कळतंय. पर नदीला कुलूप कुठं लावू? आज बंदी घातली तर उद्या चोरून जातील आन् दुप्पट गळ टाकतील. तवा बंद करण्यापरीस कायतरी तोडगा काढा. तुम्ही शिकल्यालं हाईसा.”

तोडगा काढायचा म्हटल्यावर मला बरं वाटलं, हे मला आठवतं. परत येताना रस्ताभर मी हलका झालो होतो. डोह बंद होणार नव्हता.

मुंबईला बंदरात मी लहान बोटी पाण्यावरच्या पिंपांना बांधलेल्या पाहिल्या होत्या. पिंपाखाली तळाशी जड वजन असतं, असं कुणी तरी सांगितलं होतं. तसंच इथं करावं, असं मी ठरवलं. तळाशी मोठा दगड, त्याला घायपाताचा जाड दोर, वर तरंगायला वाळलेले भोपळे. येणाऱ्यानं होडी किंवा काहील त्या दोराला बांधायची, म्हणजे गळ टाकायचं कारण उरणार नाही. सरपंचानं मान डोलावली. आप्पाला आनंद झाला.

घरी सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती. “आक्कांनी तर बंद करायला सांगितलं होतं ना?” ती म्हणाली.

“बंद होण्यासारखं नाही. हे होण्यासारखं आहे.”

“तुम्हालाही बघायला जायचं असतं, म्हणून बंद होण्यासारखं नाही.”

मी ताटावरून उठलो नाही, पण त्या दिवशी तिच्याशी पुन्हा बोललो नाही.

दगडासाठी मला शिरूरची आठवण झाली. मिशनच्या आवारात आमचं देऊळ, म्हणजे चर्च, बांधतानाचा चुन्याचा घाणा होता. गोल चरातून बैल एक दगडी चाक फिरवी आणि त्याखाली चुना मळला जाई. सिमेंट आल्यापासून घाणा बंद होता. चर गवतानं भरला होता आणि चाक कलंडून पडलं होतं. लहानपणी त्याच्यावर बसून मी बायबलमधली वचनं पाठ केली होती. त्याच्या मधोमध आरपार भोक होतं, दोर ओवायला जणू मुद्दाम पाडलेलं. पाळकांनी लगेच परवानगी दिली. “देवळाच्या कामाचा दगड आहे, चांगल्याच कामाला लागेल,” असं म्हणाले. न्हावऱ्याच्या रस्त्यानं बैलगाडीतून आम्ही ते वाडीत आणलं. वाटेत लोक थांबवून विचारत आणि मी प्रत्येकाला सगळं समजावून सांगे.

ते नेमकं कुठं सोडायचं, यावर आप्पा आणि मी होडीत बसून बोललो. प्रवाहाच्या दिशेनं नावेच्या खालच्या अंगाला सपाट वाळू होती, वरच्या अंगाला नावेकडं उतरत आलेला खडक. उन्हाळ्यात दुपारी तिथं वारा पश्चिमेकडून, वरच्या अंगानं येतो. चाक खालच्या वाळूत सोडलं तर बांधलेल्या होड्या वाऱ्यानं नावेपासून लांब जातील आणि कुणाला काही दिसणार नाही. खडकावर सोडलं तर होड्या बरोबर नावेच्या डोक्यावर येऊन थांबतील. आप्पाला उतारू हवे होते. मला काय हवं होतं, ते मी तेव्हा मनाशीही म्हटलं नाही. शिवाय घर खडकावर बांधावं, वाळूवर नाही, हा येशूचा दाखला मी उपासनेत लहानपणापासून ऐकत आलेला. आम्ही खडक निवडला.

दोन काहिली जोडून, त्यांच्यावर फळ्या टाकून चाक चढवलं, तेव्हा आक्का घाटावर आली. मी तिला सगळं सांगितलं.

“म्हंजी येणार ते येणारच.”

“येतील, आक्का. पण गळ टाकणार नाहीत. नावेला धक्का लागणार नाही.”

“आन् समदी त्यांच्या डोक्यावर हुबी ऱ्हाणार.”

“नुसतं बघतील.”

“तुमच्या घरात कुणी रोज डोकावून नुसतं बघितलं तर चालंल का, मास्तर?”

मी म्हणालो की पंचायतीनं ठरवलं आहे, आता माझ्या हातात नाही. ती चाकाकडं वळली.

“जड हाय का?”

“खूप जड आहे,” मी म्हणालो. ते सांगताना मला अभिमान वाटत होता.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. भोपळ्यांना आम्ही चुना फासला होता. आलेली प्रत्येक होडी दोराला बांधली जाई. यात्रेत एकही गळ पाण्यात पडला नाही. आप्पा बुडी मारून आला आणि म्हणाला की नाव होती तशी आहे. त्या संध्याकाळी आक्कानं आमच्याकडं माशाचं कालवण पाठवलं. माझ्या बायकोनं भांडं रिकामं परत करायचं नाही म्हणून त्यात गूळ घालून दिला. रविवारी मी उपासनेत शेजारधर्मावर बोललो आणि नदीचं उदाहरण दिलं.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पूर्वी एवढ्या मोठ्या डोहात नाव नेमकी कुठं आहे, हे माहीतगारालाच सापडे. आता पांढरे भोपळे दोन्ही काठांवरून दिसत. ज्याला कुणीही सांगितलं नव्हतं तोसुद्धा तिकडं बोट करून विचारी. पुढच्या वर्षी दौंडहून माणसं कुटुंबं घेऊन आली. बायका, तान्ही पोरं, डबे.

यात्रेच्या त्या दुपारी मी आप्पाच्या होडीत उभा राहून येणाऱ्यांना हातानं जागा दाखवत होतो. दोर एकच. आधी आलेल्यांनी होड्या दोराला बांधल्या, नंतरच्यांनी आपल्या काहिली त्या होड्यांना बांधल्या, आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी काहिलींना. बघता बघता डोहावर एक तरंगता बाजार झाला. कुणी भजी काढली, कुणी पान लावलं. लोक कडेवर वाकून खाली बघत आणि एकमेकांना म्हणत, “ते बघ टोक, ते बघ.”

उन्हं कलायच्या आधी पश्चिमेला धुरळा उठला. वळवाचा वारा आला. सगळ्या होड्या आणि काहिली एकदम प्रवाहाच्या खालच्या अंगाला ओढल्या गेल्या. दोर ताणला, भोपळे पाण्यात बुडाले. बायकांनी पोरं छातीशी धरली, पोरांना मजा वाटली. मग सगळा लोंढा एक हिसका खाऊन थोडा सरकला आणि पुन्हा थांबला. त्यानंतर तळातून काहीतरी आलं. तो आवाज होता की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. होडीच्या लाकडातून ते माझ्या तळपायांना आधी कळलं.

दोर सैल पडला. भोपळे वर आले. पाणी तळापासून ढवळून तपकिरी झालं.

चाक खडकावर आडवं पडलेलं होतं. दोराच्या ओढीनं ते कडेवर उभं राहिलं असणार आणि घाण्यात फिरायचं तसं फिरत उतारावरून खाली गेलं असणार. खाली नाव होती.

जुनं, पाणी प्यालेलं लाकूड, पण त्याच्या काही फळ्या वर आल्या. सावकाश, एकेक करून. कुणाला काही इजा झाली नव्हती, त्यामुळं लोकांना हा यात्रेतलाच खेळ वाटला. हात लांब करकरून ते फळ्या धरू लागले. एकानं आपल्या म्हाताऱ्या आईच्या मांडीवर तुकडा ठेवला, तिनं त्याला हात जोडले. “सोडा, फळ्या सोडा,” असं मी म्हणत होतो. वाऱ्यात कुणाला ऐकू गेलं नसेल. किंवा मी मोठ्यानं म्हटलंच नसेल.

आप्पा वल्हं हातात धरून नुसता बसला होता. तो घाटाकडं बघत होता म्हणून मीही बघितलं. आक्का तिथं उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे. मग ती पाण्याशी वाकली. रोज सकाळी वाकायची तशीच. ओंजळीनं पाणी घेतलं आणि कपाळावरून हात फिरवला. एवढ्या लांबून कुंकू दिसत नव्हतं आणि पुसलेलंही दिसलं नाही. पण आप्पानं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

भावकीनं जे इतकी वर्षं राहिलं होतं ते उरकलं. आप्पा घरोघर फिरून मिळाल्या तेवढ्या फळ्या घेऊन आला. त्याच रचून त्यांच्यावर दर्भाचा पुतळा ठेवला. ओलं लाकूड पेट घेईना. सबंध दिवस नुसता धूर होत राहिला आणि तो धूर वाऱ्यानं शाळेच्या खोलीत येत राहिला. पोरांचे डोळे चुरचुरत होते. मी त्यांना सुट्टी दिली नाही. सुट्टी दिली असती तर ती तिथं बघायला गेली असती.

तेरावं झाल्यावर मी आक्काकडं गेलो. ओसरीवर बसलो. तिनं ओसरीतल्याच चुलीवर चहा केला. तिच्या कपाळाच्या मध्यभागी, इतकी वर्षं कुंकू होतं तिथं, एक फिकट गोल राहिला होता. मला तो बघवेना आणि माझे डोळे पुन्हा पुन्हा तिथंच जात होते.

“आक्का, माझं चुकलं,” मी म्हणालो.

तिनं चहाची बशी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, “मास्तर, तुमच्यात मान्सं जाळत न्हाईत म्हणं.”

“नाही. पुरतात.”

“आन् मग? नवरा गेल्यावर बाई काय करती?”

“काही विशेष नाही. फुलं ठेवते. वरती दगड बसवतात, म्हणजे जागा ओळखू येते.”

ती चुलीकडं वळली. लाकडं जरा आत सारली.

“दगड तर तुम्ही ठिवलाच की,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही असावा असं मला वाटलं नाही. तिनं जे होतं ते सांगितलं. चहा गरम होता, तो मी तसाच प्यालो आणि निघालो.

त्यानंतर डोहावर कुणी जाईना, कारण बघायला काही उरलं नव्हतं. भोपळे कुजले, दोर कुणीतरी कापून नेला. चाक आणि त्याच्याखाली उरलेलं लाकूड अजून तिथंच असेल. माझी बदली दौंडला झाली, ती मीच मागून घेतली होती. आता माझी पंचेचाळिशी उलटली. माझ्या हातून जे झालं ते वाईट हेतूनं झालं नाही, असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. पण तिनं मला डोह बंद करायला सांगितलं होतं आणि मी तो बघण्यासाठी नीट मांडून दिला, हेही खरं आहे. प्रार्थनेत मी पहिलं सांगून बघितलं. दुसरं सांगायला लागलो की शब्द पुढं सरकत नाहीत.

आक्का दौंडच्या बाजारात कधी कधी वांगी घेऊन बसते. मला लांबूनच “मास्तर” म्हणून हाक मारते, पोरांची चौकशी करते, माझ्या बायकोच्या गुडघ्यांचं विचारते, आणि तोलून झाल्यावर पिशवीत वरून दोन वांगी टाकते. मी पिशवीचं तोंड धरून उभा राहतो. तिच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो, पण माझी नजर तिच्या हातांच्या वर जात नाही.